कोल्हापुरात उद्यमनगरमधल्या आठ जणांच्या ऑफिसला लँडलाइन काढून इंटरनेटवरचे फोन घ्यावेत का?

घ्या. पण जुना ०२३१ चा नंबर हातचा जाऊ देऊ नका.

मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. गुजरातचे व्यापारी वडिलांच्या काळापासून एकाच नंबरवर भाव विचारतात. लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा दुसऱ्या कंपनीत पोर्ट होत नाही, म्हणून आधी तुमच्या सध्याच्या कंपनीलाच विचारा, की हाच नंबर फायबरवर मिळेल का. आम्हाला मिळाला.

बोलायला नेट फार लागत नाही. एका कॉलला जाता-येता प्रत्येकी साधारण १०० केबीपीएस धरा. आठही जण एकदम बोलले तरी एक एमबीपीएसच्या आतच. आमचा आवाज मात्र तुटायचा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढत असायचं आणि आवाजाची पाकिटं (नेटवरून जाणारे आवाजाचे छोटे तुकडे) त्यात अडकायची. राउटरमध्ये फोनला प्राधान्य लावलं तेव्हा थांबलं. टेबलावरचे फोन वायफायवर ठेवू नका, लॅनची वायर ओढून घ्या.

खरा फरक विजेचा आहे. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट डीसी मिळतो, त्यामुळे आपल्याकडची लाइट गेली तरी साधा फोन वाजतो. फायबरमधून वीज येत नाही. ओएनटी (फायबरची तार जिथे येऊन लागते तो डबा), राउटर, नेटवर्कचा स्विच (फोनच्या लॅन वायरी जोडायचा डबा) यातलं एक जरी बंद पडलं तरी सगळे फोन बंद. आमचा इन्व्हर्टर दिवे आणि कॉम्प्युटरवर होता, कोपऱ्यातला ओएनटी कुणाच्या ध्यानातच नव्हता. ऐन हंगामात दोन तास लाइट गेली आणि जुन्या गिऱ्हाइकाने दुसरीकडे सौदा केला. ते अजून मनाला लागतं. आता तिन्ही डबे यूपीएसवर आहेत, आणि लाइन बंद दिसली की कॉल आपोआप माझ्या मोबाइलवर वळतो. ही सोय कंपनीकडून पहिल्याच दिवशी लावून घ्या, आणि मेन स्विच पाडून एकदा स्वतः तपासा.

ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र) चांगला असेल तर टाकू नका, गेटवे (त्याला इंटरनेटच्या लाइनशी जोडणारा डबा) लावून तोच चालतो. परवाना नसलेल्या कुणाकडून स्वस्त कॉलची लाइन घेऊ नका, ते बेकायदेशीर आहे.

गेटवर वॉचमनजवळ एखादी तांब्याची लाइन खरखर न करता चालत असेल, तर तेवढी राहू द्या.