दहा आठवड्यांसाठी ओहायोला निघालेल्या खानापूरच्या मुलीला

सलाम.

तू लिहिलंस : "अक्का, ओहायोतल्या एका मेथडिस्ट चर्चने उन्हाळ्याचे दहा आठवडे यूथ इंटर्न म्हणून बोलावलंय. मंडळीतल्या एका कुटुंबाकडे राहायचं, थोडा हातखर्च देतील. घरचे घाबरलेत. जाऊ का? आणि काय काय ध्यानात ठेवू?"

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी तुला अडवतेय असं वाटणार नाही. मी तुझ्याच जिल्ह्यातली, बेळगावच्या कॅम्प भागातली. अशाच एका उन्हाळ्यासाठी इथे अमेरिकेत आले आणि पुढे सेमिनरीत धर्मशिक्षण, लग्न, मूल, सगळं इथेच झालं. तुझा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

व्हिसा कुठला, फी किती, मुलाखत कुठे, हे सरकारी वेबसाइटवर आहे. तुला बोलावणाऱ्या चर्चने ते वकिलाला विचारूनच ठरवावं. मी आपल्या भागातल्या कागदांचं सांगते, कारण ते कुठेच लिहिलेलं नसतं. माझा जन्मदाखला कन्नडमध्ये, बाप्तिस्म्याचा दाखला पाळकसाहेबांच्या हस्ताक्षरात मराठीत, शाळा सोडल्याचा दाखला मराठी माध्यमाचा, पासपोर्ट इंग्रजीत. गावाचं नाव इंग्रजी कागदांवर बेलगाम, मराठीत बेळगाव, आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतर काढलेल्या प्रत्येक कागदावर बेळगावी. एका कचेरीत समोरच्या माणसाने मला विचारलं, तुमचा जन्म नक्की कोणत्या गावी झाला? वडिलांचं नाव कन्नड दाखल्यात एक तऱ्हेने, मराठीत दुसऱ्या. कन्नडचं भाषांतर करणारा मराठीला हात लावेना, मराठीवाला कन्नडला. तू आजच सगळे दाखले एका टेबलावर मांड आणि नावातलं अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून बघ. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घे, तारीख जवळ आल्यावर धावपळ नको.

दुसरी एक गोष्ट. धार्मिक कामाचा आर-१ व्हिसा असेल तर अर्जाच्या आधी निदान दोन वर्षं तू त्याच पंथाची सभासद असावी लागतेस. आपण मेथडिस्ट, तेही मेथडिस्ट, पण भारतातलं मेथडिस्ट चर्च १९८१ मध्ये स्वायत्त झालं, त्यामुळे कागदावर ही दोन वेगळी चर्चेस दिसतात. दोघांचं नातं काय, हे सांगणारं पत्र बिशपांच्या कार्यालयातून आधीच मागून ठेव.

पहिल्याच रविवारी तुला पुढे बोलावून ओळख करून देतील. माझी ओळख "मिशन फील्डवरून आलेली आमची पाहुणी" अशी झाली. नंतर कॉफीच्या वेळी एका बाईंनी अगदी मायेने विचारलं, तुमच्या घरात ख्रिस्ती होणाऱ्या तुम्ही पहिल्याच का? तुला हे विचारलं तर गप्प बसू नकोस. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले, हे सांग. १९०४ मध्ये त्या मिशनने बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवलं, हेही सांग. त्यांच्याच पणज्या-आज्यांनी दिलेल्या वर्गणीतून आपल्याकडच्या शाळा चालल्या. हे ऐकल्यावर माणसं बदलतात गं, तुझ्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलते. दया घ्यायला आलेली मुलगी नाहीस तू. एका मंडळीने दुसऱ्या मंडळीकडे पाठवलेलं माणूस आहेस.

कामाचं म्हणशील तर प्रवचन कमी आणि खुर्च्या जास्त. सहावी ते आठवीचा एक गट, नववी ते बारावीचा दुसरा. तुला बहुतेक लहान गट देतील. कुठेही न्यायचं झालं की प्रत्येक मुलामागे पालकांच्या सहीचा फॉर्म, कशाची ॲलर्जी, कुणाला फोन करायचा. मुलांबरोबर काम म्हणून तुझीही पोलिसी चौकशी होईल, वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांचीच होते. गाडी चालवता येत नसेल तर संध्याकाळी तुला कोण नेणार-आणणार, हे आत्ताच लेखी विचार. बऱ्याच गावांत बसच नसते. तसंच आरोग्य विम्याचं. विमा कोण काढणार, याचं उत्तर आल्याशिवाय तिकीट काढू नकोस.

दोन मोठ्या माणसांचा नियम मात्र नीट समजून घे. मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. खोलीत नाही, गाडीत नाही. चर्चच्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात एक बारा वर्षांची मुलगी जेवणघराच्या मागच्या पायरीवर रडत बसली होती. आईवडील वेगळे होणार हे तिला त्याच आठवड्यात कळलं होतं. बेळगावात असते तर मी तिला स्कूटीवर मागे बसवून उसाच्या रसाच्या गाड्यावर नेलं असतं. तिथे मी आधी दार उघडून स्वयंपाकाच्या बाईंना हाक मारली. त्या आत भांडी पुसत आमच्याकडे लक्ष ठेवून उभ्या राहिल्या, मग मी त्या मुलीशेजारी बसले. मधे हातभर जागा. ती बोलत राहिली आणि माझे हात मांडीवर. त्या रात्री नियमाचा राग आला होता. आता येत नाही. मुलांच्या जिवाला जपणारा हा नियम आहे आणि आपल्याकडच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत, तरुणांच्या एम.वाय.एफ.मध्ये तो असायलाच हवा. परत आल्यावर पाळकसाहेबांशी यावर बोल, कुणी नाक मुरडलं तरी बोल.

एकटेपणाचंही सांगते. पहिले दोन आठवडे भूक लागत नाही, मग लागते. डाळ-तांदूळ मिळतात, फोन आहे, काम इतकं असतं की रात्री पडल्या पडल्या झोप येते. त्याचा बाऊ करू नकोस. एवढंच लक्षात ठेव की तिथे शनिवारची रात्र, साडेअकरा, तेव्हा आपल्याकडे रविवार सकाळचे नऊ. त्या वेळी फोन लावलास तर घरचे चर्चला निघताना भेटतील. मी अजूनही पुष्कळदा तोवर जागी असते.

आता जे लिहिते ते तू विचारलेलं नाहीस. माझा मुलगा इथे शाळेत जायला लागला तेव्हा एक फॉर्म आला : घरी कोणती भाषा बोलता? आपण सीमाभागातली माणसं. १९५६ पासून आपल्याकडे घराघरात हा रकाना जपून भरला जातो. माझे वडील मातृभाषेपुढे "मराठी" लिहिताना पेन दाबून लिहायचे. मीही तसंच लिहिलं. त्यावरून शाळेने त्याची इंग्रजीची परीक्षा घेतली आणि रोज थोडा वेळ त्याला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत इंग्रजी शिकायला नेऊ लागले. इथेच जन्मलेला, बडबडगीतं दोन्ही भाषांत म्हणणारा पोरगा. शाळेत दोनदा भेटून आले. नियम आहे, एवढंच उत्तर मिळालं. काही महिन्यांनी त्याने घरी मराठीत उत्तर देणं बंद केलं. "मला त्या खोलीत जायचं नाही," म्हणाला. आज मोठा झालाय, चर्चच्या यूथमध्ये गिटार वाजवतो, आजीशी फोनवर इंग्रजीत बोलतो आणि आजी "हो हो बाळा" म्हणते. तो फॉर्म पुन्हा आला तरी मी मराठीच लिहीन. पण ते मनातून जात नाही.

मी आले त्या वर्षी आमच्या बेळगावच्या मंडळीत एप्रिल-मेची व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, झाली नाही. मुलं गोळा करणारं कुणी नव्हतं, कारण मी फेब्रुवारीपासून कागदांत गुंतले होते. पुढच्या वर्षी मी परतलेच नाही. मग ती कुणी घेतली, किती वर्षं बंद राहिली, हे मी आईलासुद्धा विचारत नाही. तुझं तसं व्हायला नको, आणि होण्याचं कारणही नाही. आपली सुट्टी एप्रिल-मेमध्ये, तिथली जून ते ऑगस्ट. खानापूरची व्हीबीएस आधी घे, मोठ्या मुलींपैकी कुणाला तरी हाताशी धरून शिकव, आणि जूनच्या पहिल्या पावसात विमानात बस.

तुझ्या पाळकसाहेबांचं शिफारसपत्र लागेलच. त्यात त्यांना एक ओळ घालायला सांग, की परत आल्यावर सप्टेंबरपासून शब्बाथ शाळेचा अमुक वर्ग हिच्याकडे आहे. वर्गाचं नावही लिहायला सांग. मुलाखतीलाही ती ओळ उपयोगी पडेल, पण मी त्यासाठी सांगत नाही. माझ्या पत्रात तसं काही नव्हतं, तेव्हा कुणाला सुचलंही नाही. मसुदा झाला की मला पाठव, इंग्रजी मी बघून देते.