गरोदरपणातली लघवीची तपासणी: नव्याने सुरू करताना

या तपासणीत लघवीतला जंतुसंसर्ग शोधायचा असतो. आधी नमुना नीट घ्यायला शिका, बाकीचं नंतर. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत. दोन तासांत तपासा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. तशीच टेबलावर राहिलेल्या बाटलीत जंतू वाढतात आणि निरोगी बाईला उगाच औषध सुरू होतं. ही चूक सर्रास होते.

कल्चरची (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याची) सोय नसेल तर लघवीत बुडवायच्या, रंग बदलणाऱ्या पट्टीपेक्षा ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) भरवशाचा. पट्टीच असेल तर सकाळची पहिली लघवी घ्या: पट्टी जे नायट्राइट शोधते ते जंतू लघवीत बनवतात, आणि ते तयार व्हायला लघवी मूत्राशयात चारेक तास राहावी लागते. घड्याळ लावून रंग वाचा, पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. नायट्राइट निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, काही जंतू ते बनवतच नाहीत.

‘जळजळ होत नाही ना?’ एवढं विचारून तपासणी टाळू नका. आपण लक्षणं नसलेलाच संसर्ग शोधतोय. सापडला तर डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक पूर्ण 7 दिवस.