पानाला मुळं आली, पण वेल का होत नाही?

प्रश्न : मनी प्लांटचं एक पान देठासकट तोडून बाटलीत ठेवलं होतं. छान मुळं आली म्हणून कुंडीत लावलं. कित्येक महिने झाले, पान हिरवंगार आहे, पण नवीन पान काही फुटत नाही. खत कमी पडतंय का? दुसऱ्या बाटलीतल्या फांद्या तर खालून कुजूनच गेल्या.

उत्तर : खत घालू नका, त्याने काही फरक पडणार नाही. मनी प्लांटच्या देठाला मुळं येतात, पण नवा फुटवा निघतो तो फक्त पेरावरच्या डोळ्यातून, म्हणजे पान वेलाला जुळतं तिथल्या बारीक अंकुरातून. तुम्ही पान तोडलंत आणि डोळा वेलावरच राहिला. आता कितीही दिवस वाट पाहिलीत, तरी त्या पानाचा वेल होणार नाही.

वेल हातात घेऊन जरा जवळून बघा. पानाचा देठ जिथे वेलाला जोडलेला असतो, तिथे किंचित फुगीर कडं दिसतं, तेच पेर, आणि तिथेच एक तपकिरी, बोथट कोंब. ते हवेतलं मूळ. पेराच्या खाली अर्धा-पाऊण इंच सोडून धारदार, स्वच्छ कात्रीने कापा. एक पेर आणि एक पान एवढा तुकडा पुरतो. लांबलचक वेल तसाच पाण्यात सोडण्यापेक्षा त्याचे असे चार-पाच तुकडे एकाच कुंडीत लावावेत, असं माझं ठाम मत आहे. कुंडी भरगच्च होते.

कुजण्याचं कारण बहुधा पाण्यात बुडालेली पानं आणि शिळं पाणी. बुडणारी पानं काढून टाका, फक्त पेर पाण्यात राहू द्या आणि तीन-चार दिवसांनी पाणी बदला. बाटली उजेडात हवी, उन्हात नको. मुळं दीड-दोन इंचांची झाली की मातीत लावा. पाण्यात वाढलेल्या मुळांना मातीची सवय नसते, म्हणून पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवा. चिखल मात्र नको.

स्नेक प्लांटचं तसं नाही. त्याच्या पानाच्या तुकड्यालाही नवं रोप फुटतं. फक्त तुकड्याची खालची बाजू खालीच राहायला हवी, उलटा खोचला तर मुळं येत नाहीत. पिवळ्या काठाची जात असेल तर पानापासून केलेलं रोप साधं हिरवंच निघतं. काठ हवा असेल तर गड्डा विभागूनच लावा.

आणि मूळ वेल कापायला जीव घाबरा करू नका. कापलेल्या जागेखालच्या डोळ्यातून तो पुन्हा फुटतो.