दर्शन हा पुरावा आहे, पण कोणासाठी?

तुम्ही लिहिलंय की वडील म्हणतात, "वेदात सांगितलंय, संतांना प्रत्यक्ष दर्शन झालंय, देव आहे याला आणखी कसला पुरावा हवा?" तुम्हाला ते पटत नाही आणि वडिलांना खोटं पाडायचं मनही होत नाही. ग्रंथ आणि साक्षात्कार हे पुरावे धरायचे की नाही, हा तुमचा प्रश्न. तो माझ्याही घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पंचवटीत वाढले. नोकरीची सगळी वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून काढली. साक्षीदार बोलायचे, साहेब सांगायचे आणि मी टाइप करायचे. आणि माझ्या वडिलांना देव भेटला होता.

आधी तेच सांगते. श्रावणातला तिसरा सोमवार, त्र्यंबकची ब्रह्मगिरी फेरी. त्या वर्षी पाऊस उघडीप देईना. दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) सोबत्यांपासून मागे राहिले आणि वाट चुकले. रात्र, धुकं, हातातली बॅटरी भिजून बंद पडलेली. पायाखाली चिखल आणि डाव्या अंगाला कुठेतरी ओहोळाचा आवाज. ते जागीच उभे राहून हरिपाठ म्हणायला लागले. तेवढ्यात कोणीतरी त्यांचं मनगट धरलं. घोंगडीची खोळ घेतलेला, काळासावळा माणूस. बोलला काहीच नाही. वीस-पंचवीस पावलं चालवत नेलं, पाय वाटेला लागले, दादांनी मागे वळून पाहिलं तर कोणी नाही. "त्याच्या घोंगडीला ओल्या लोकरीचा वास होता," हे वाक्य ते दर वेळी सांगायचे. घरी आल्यावर आजी म्हणाली, पांडुरंगच तो. दादांनी ते मानलं आणि शेवटपर्यंत मानलं.

पुढे कोर्टात रोज साक्षी ऐकताना मला या हकिकतीतल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्या.

पहिली अशी की दादा खरे साक्षीदार होते. साक्षीदार रचून सांगत असेल तर त्याची गोष्ट तारखेगणिक वाढते. दादांची वाढली नाही. तीस वर्षांत त्या माणसाभोवती प्रकाश आला नाही, की त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आली नाही. घोंगडी, मनगट, वास, एवढंच. तुकोबांच्या गुरुदर्शनाच्या अभंगात असाच एक तपशील आहे. स्वप्नात गुरूंनी डोक्यावर हात ठेवला आणि जेवायला पावशेर तूप मागितलं, ते द्यायचा विसर पडला, असं ते सांगतात. महत्त्व वाढवायला बसलेला माणूस तुपाचा विसर कशाला सांगेल? त्या अभंगावर माझा साक्ष म्हणून पूर्ण विश्वास आहे.

दुसरी गोष्ट पचायला मला वेळ लागला. साक्षीदार सरतपासणीत सांगतो, "मी अमक्याला पळताना पाहिलं." उलटतपासणीत एकेक पदर सुटतो. तोंड पाहिलं का? नाही. मग काय पाहिलं? पाठ, आणि निळा सदरा. म्हणजे पाहिली ती पाठ, अमका हे नाव त्याने मागाहून लावलेलं. तो खोटं बोलत नसतो. त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं की पाहणं कुठे संपलं आणि ओळखणं कुठे सुरू झालं. दादांनी पाहिली ती घोंगडी आणि हात. पांडुरंग हे नाव घरी आल्यावर लागलं, तेही आजीच्या तोंडून. त्यातून डोंगर कोणता, तर ब्रह्मगिरी. निवृत्तिनाथ वाघाच्या भयाने याच डोंगरात वाट चुकले आणि गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले, ही कथा आमच्याकडे पोरंसोरं पाळण्यापासून ऐकतात. त्या डोंगरात चुकलेल्या वारकऱ्याच्या मनात पुढची गोष्ट तयारच असते.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या दर्शनाच्या भागाला माझं उत्तर असं: ज्याला दर्शन झालं त्याच्यापुरता तो पुरावा आहे, आणि तो त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये. तुमच्या-माझ्यासाठी तो फक्त त्या माणसाचा जबाब आहे. जबाबातून इतकंच सिद्ध होतं की त्याला काहीतरी अनुभव आला. तो अनुभव कशामुळे आला, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि अनुभव येणं म्हणजे वेड नव्हे, हेही सांगते, कारण तुमच्या वयाची मुलं पटकन त्या टोकाला जातात. वेल्समधल्या रीस नावाच्या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ साली निष्कर्ष मांडले होते. जवळपास निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं. काहींना तो दिसला होता, काहींना त्याचा आवाज आला होता. ही धडधाकट, शहाणीसुरती माणसं होती. दुःख, उपास, जागरण, थकवा, अंधार यांत माणसाचं मन असं काही दाखवू शकतं. फेरीच्या रात्री यातलं काय कमी असतं?

शिवाय ज्याच्या घरात जो देव, त्याला बहुधा तोच दिसतो. पंचवटीत राम दिसतो, विठ्ठल दिसतो. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला येणाऱ्यांना येशूची प्रचीती येते. कोणी म्हणेल, एकच परमेश्वर ज्याला जसा रुचेल तसा भेटतो. म्हणू द्या, मलाही तो विचार आवडतो. पण मग दिसलेलं रूप हा पुरावा उरत नाही, कारण ते रूप पाहणाऱ्याच्या घरातून आलं असं आपणच कबूल केलं.

आता ग्रंथ. जुन्या पुरावा कायद्यात कलम ९० होतं, नव्यातही ती तरतूद आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला, तर त्यावरची सही आणि अक्षर ज्याचं म्हणतात त्याचंच आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. आत लिहिलेलं खरं आहे असं मात्र त्यावरून धरता येत नाही. तो मजकूर वेगळा शाबीत करावा लागतो. ग्रंथ कितीही प्राचीन असला तरी त्याच्या वयाने एवढंच काम होतं.

हे काही कोर्टाने शिकवलेलं नवं शहाणपण नाही. आपल्या शास्त्रकारांनी यावर आपल्यापेक्षा जास्त डोकं झिजवलंय. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या आपल्या जुन्या शास्त्रात, शब्द हे प्रमाण (ज्ञानाचं खात्रीचं साधन) मानलं आहे, पण आप्ताचा शब्द, म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो खरा सांगतो त्याचा. मग वेदाचा आप्त कोण? नैयायिक म्हणाले, ईश्वर. आणि ईश्वर आहे कशावरून? वेदावरून म्हणावं तर गाडी फिरून तिथेच येते. आपल्याकडे याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. म्हणूनच साधारण हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायला घेतला तेव्हा भर अनुमानावर ठेवला: घडा आहे तर कुंभार असला पाहिजे, तसं जग. ते अनुमान पटो न पटो, केवळ पोथीवर विसंबून चालणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

मीमांसकांचं तर याहून नवल. वेदाच्या प्रामाण्याचे एवढे कट्टर कैवारी दुसरे नाहीत. वेद कोणीच रचले नाहीत, म्हणून ते निर्दोष, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांच्यातलेच मोठे आचार्य कुमारिल भट्ट जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. वेद शंभर टक्के प्रमाण मानूनही देव सिद्ध होत नाही, असं सांगणारी ही आपलीच परंपरा आहे. शंकराचार्य गीताभाष्यात म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. वडिलांना हे जरूर दाखवा, भांडण म्हणून नाही, सोबत वाचायला म्हणून.

एका गोष्टीवर मी एवढी शांत राहू शकत नाही. आमच्या घरापासून काळाराम मंदिर चार मिनिटांवर. सरदार ओढेकरांना स्वप्न पडलं, गोदावरीत रामाची काळी मूर्ती आहे म्हणून; ती मिळाली आणि पेशवाईत हे मंदिर उभं राहिलं, असं सांगतात. मूर्ती मिळाली हे स्वप्नाचं प्रमाण मानायचं का? मूर्ती वाचवायला पाण्यात सोडल्याच्या हकिकती नदीकाठी गावोगाव कानावर पडतात, तेव्हा स्वप्नात ती येणं अशक्य नाही. पण तेही असो. एका माणसाच्या स्वप्नावर मंदिर उभं राहिलं, याचं मला काही वाईट वाटत नाही.

वाईट याचं वाटतं की २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासोबत हजारो माणसं त्याच मंदिराच्या दारात उभी राहिली, रामाचं दर्शन मागत, आणि दारं बंद झाली. कशाच्या आधारावर? शास्त्र आणि रूढी. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड पडले. सत्याग्रह पाच वर्षं चालला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा बाबासाहेबांनी केली. पोथी दुसऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून चालवली की काय होतं, ते माझ्या गल्लीने पाहिलंय. शंभर श्रुतींची गोष्ट सांगणाऱ्या परंपरेला त्या दिवशी एवढं आठवलं नाही की समोर उभा आहे तो माणूस आहे.

संतांनी स्वतः आपलं दर्शन असं कोणावर लादलं का? माझ्या वाचनात तरी नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत वेदप्रतिपाद्या आणि स्वसंवेद्या असे दोन्ही शब्द शेजारी आहेत: वेद ज्याचं प्रतिपादन करतात तो, आणि ज्याचा त्यालाच कळतो तो. समर्थांनी इथे टाकळीला १२ वर्षं तप केलं. दासबोधाच्या सुरुवातीला ते वेद-उपनिषदांची संमती सांगतात आणि मुख्य काय म्हणतात, तर आत्मप्रचीती. आत्मप्रचीती उसनी मिळत नसते. समर्थांची समर्थांना, दादांची दादांना.

मला स्वतःला कधी दर्शन झालेलं नाही. संध्याकाळी रामकुंडावर आरतीला उभी राहते, हात आपोआप जोडले जातात, बरं वाटतं. देव आहे असं मला वाटतं, पण ते सिद्ध करता येईल असं काही माझ्यापाशी नाही, म्हणून मी ते कोणापुढे पुरावा म्हणून ठेवत नाही.

वडिलांशी बोलताना "हे खरं कशावरून?" असं सुरू करू नका. त्यांना स्वतःला काही अनुभव आला असेल तर काय दिसलं, काय ऐकू आलं, कसला वास आला, ते विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. मी हे फार उशिरा केलं. माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. एका संध्याकाळी ओट्यावर बसून विचारलं, "दादा, तो तिथल्याच पाड्यावरचा कोणी असला तर? पावसात गुरं बघायला निघालेला?"

मला वाटलं, रागावतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तसं असेल तर मी त्याला नावसुद्धा विचारलं नाही गं."

पुढच्या श्रावणात, ऐंशीच्या घरात असताना, ते फेरीच्या वाटेवरच्या पाड्यापर्यंत माझ्यासोबत आले. दोन भाकरी आणि ठेचा जास्तीचा बांधून घेतला होता. चार घरी विचारलं, इतक्या वर्षांपूर्वी कोणी रात्री एका वारकऱ्याला वाटेला लावलं होतं का. कोणाला आठवत नव्हतं. एका दारात एक म्हातारबाबा घोंगडी पांघरून बसले होते. दादांनी भाकरी त्यांच्या हातात दिल्या, त्यांना नाव विचारलं, आणि घरी आल्यावर नेहमीसारखे पांडुरंगाच्या तसबिरीपुढे हरिपाठाला बसले.