एक्स-रे निवळला, तरी दम का लागतो?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. आईला गेल्या वर्षी सारकॉइडोसिसचे, म्हणजे फुफ्फुसांसारख्या अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणाऱ्या आजाराचे, निदान झाले. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी एक्स-रे बराच निवळला, पण कापूस वेचताना तिला अजूनही दम लागतो. फुफ्फुसातील सूज उरली आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर : नुसत्या एक्स-रेवरून ते ठरत नाही, कारण जुने व्रण आणि चालू दाह यांतला फरक त्यात नीट कळत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दर तीन ते सहा महिन्यांनी, शक्यतो एकाच ठिकाणी, स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजण्याची चाचणी, करावी. पूर्ण श्वास भरून जोराने सोडलेल्या हवेचे माप, म्हणजे एफव्हीसी, आधीपेक्षा १० टक्के किंवा अधिक घटले, तर छातीरोगतज्ज्ञ ते गांभीर्याने घेतात. प्राणवायू रक्तात किती सहज उतरतो याचा अंदाज देणारी डीएलसीओ चाचणी मोठ्या रुग्णालयात होते. दम लागत असेल तर ती जरूर विचारावी. या आजारात रक्तात वाढू शकणाऱ्या एसीई नावाच्या विकराच्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. पेट (पीईटी) स्कॅन, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेले शरीराचे चित्र, चालू दाह दाखवतो, पण तो खर्चिक असून प्रत्येक खेपेला लागत नाही.

दम रक्तक्षय किंवा हृदयामुळेही लागतो, तेव्हा हिमोग्लोबिन आणि ईसीजी पाहावेत. ताप येऊन वजन घटू लागले, तर क्षयरोगासाठी थुंकी तपासावी, कारण स्टिरॉइडमुळे तो बळावू शकतो. बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.