हे वरचे सत्तर कोण?

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांत नवऱ्या मुली वाढतात. नवरे मुलगे पण येतात हल्ली, पण ते बहुतेक वेळा ‘तिला जरा समजवा ना मॅडम’ म्हणायला येतात, तो विषय वेगळा. मुलींचं वाक्य मात्र थोड्याफार फरकाने एकच असतं: नुसत्या तयारीतच एवढी भांडणं होतायत, झोप उडालीय, म्हणजे माझा निर्णयच चुकलाय का? या सीझनला हे पाचव्यांदा ऐकलं आणि म्हटलं आता लिहूनच टाकावं.

आधी सरळ उत्तर देते. बहुतेक वेळा निर्णय चुकलेला नसतो. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या घटनांना ताणाप्रमाणे मार्क देऊन एक यादी केली होती, त्यात जोडीदाराच्या मृत्यूला शंभर मार्क आहेत, लग्नाला पन्नास आणि नोकरीवरून काढून टाकण्याला सत्तेचाळीस! म्हणजे नोकरी जाण्यापेक्षा लग्न करणं तीन मार्कांनी जड. तेही तिकडचं लग्न, जिथे विहीण पंगत नाही, मानपान नाही आणि आत्याला पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली म्हणून वर्षभर अबोला नाही.

तर केतकी. (नाव अर्थातच बदललंय, बाकीचे तपशीलही थोडे हलवलेत, आणि मायलेकी दोघींना विचारूनच लिहितेय.) चिंचवडला राहते, आयटीत आहे, वय २८, लग्न तिचं तिनेच जमवलेलं, दोन्ही घरून होकार. सगळं छान. आणि ही माझ्यासमोर बसून रडतेय की आईने कार्यालयवाल्याला साडेचारशे पानं सांगितली आणि मला दीडशे माणसांतच लग्न करायचंय.

मी विचारलं, "गेल्या आठवड्यात तुम्ही दोघं लग्नाच्या तयारीखेरीज कशावर बोललात?"

बराच वेळ विचार करून म्हणाली, "गाडीच्या सर्व्हिसिंगवर."

आता माझी चूकही सांगते. पहिल्या दोन भेटींत मी तिला तेच दिलं जे कोणीही देईल. श्वासाचा व्यायाम, कामांची विभागणी, काय आधी काय नंतर याचा तक्ता. पंधरा दिवसांनी पोरगी तो तक्ता रंगीबेरंगी करून घेऊन आली आणि चेहरा आधीपेक्षा उतरलेला. म्हणाली, "मॅडम, आधी नुसतं टेन्शन होतं, आता मी नक्की किती मागे आहे तेही कळतंय." मी मनातल्या मनात कान पकडले. सतरा वर्षं हे काम करून सुद्धा माणूस कधीकधी कामालाच दुखणं समजून बसतो.

मग मी तिचा फोन मागितला, म्हणजे तिलाच वाचून दाखवायला सांगितलं, आदल्या दिवशी लग्नाबद्दल कोणाकोणाशी काय बोलणं झालं ते. होणाऱ्या सासूबाईंना संगीत हवंय, हे त्यांनी मुलाला सांगितलं, मुलाने केतकीला सांगितलं ‘तू तुझ्या आईला विचार’, आई म्हणाली ‘आपल्यात नसतं असलं काही, सांग त्यांना’, ते हिने गोड करून मुलाला सांगितलं, त्याने अजून गोड करून आईला सांगितलं, त्यामुळे त्यांना वाटलं हो म्हणतायत, आणि त्यांनी नाच बसवणारी बघायला सुरुवात केली.

"केतकी, यात तुझं स्वतःचं मत कुठंय?"

"माझं कुणी विचारलंच नाही."

"तू सांगितलंस?"

गप्प.

ती नवरी नव्हतीच, पोस्टमन झाली होती. दोन माणसांत ताण आला की ती समोरासमोर बोलायच्या ऐवजी तिसऱ्याला मधे ओढतात, कुटुंबांवर काम करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी घराघरांतला हा त्रिकोण फार छान दाखवून दिलाय आणि मी त्यांच्या वाटेने जाणारी आहे हे लपवत नाही. आपल्याकडे तर हा त्रिकोण लग्नात अगदी वाजतगाजत येतो, कारण व्याह्यांनी एकमेकांना थेट ‘नाही’ म्हणायचं नसतं असा अलिखित नियम. मग दोन्हीकडचे ‘नाही’ पोचवतं कोण, तर जिचं लग्न आहे ती.

म्हणून गृहपाठ एवढाच दिला: ज्याने त्याने आपापल्या आईवडिलांशी स्वतः बोलायचं, आणि दुसऱ्याचा निरोप आला तर ‘हे तुम्ही त्यांच्याशीच बोला’ एवढंच म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिले आठ दिवस घरी अबोला झाला. सासूबाईंचा संगीतचा हट्ट मात्र मुलाच्या एका फोनवर मिटला, कारण तो हट्ट नव्हताच, बहिणीने विचारलं म्हणून त्यांनी विचारलं होतं! असले निम्मे हट्ट निरोपांतच मोठे होतात.

आईचं काही मिटेना. मग मी आईंनाच बोलावलं.

त्या आल्या त्या हातात वही घेऊन. दुकानात हिशोबाची असते तसली लांबट वही. गाव मूळचं कराडच्या बाजूचं, त्यामुळे पानोपानी गावं, उंब्रजची पाहुणी, मामाच्या गावची, मग सोसायटी, मग मिस्टरांच्या कंपनीतले. इतकी नीटनेटकी यादी मी कुठल्या इव्हेंटवाल्याकडे पाहिली नाही. शेवटी बेरीज ३८०. आणि त्याखाली लाल पेनने: पानं ४५०.

केतकी लगेच सुरू झाली, "बघितलंत ना मॅडम? मी दीडशे म्हणतेय आणि..." मी तिला हाताने थांबवलं, कारण मला ३८० चा प्रश्न नव्हता.

"ताई, नावं तर तीनशे ऐंशी आहेत. हे वरचे सत्तर कोण?"

"असू द्यात. कमी पडायला नको."

इथे कोणीही पुढे गेलं असतं, कारण प्रत्येक घरात आई हेच म्हणते. मी गप्प बसले. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी नेहमी सांगते की गप्प बसणं ही आपल्या कामातली सगळ्यात महागडी गोष्ट आहे, ती उधळू नका पण वेळेला वापरा. त्या दिवशी मिनिटभर तरी नुसता पंख्याचा आवाज होता.

मग त्या वहीकडे बघतच म्हणाल्या, "माझ्या लग्नात कमी पडलं होतं."

१९९३ चा मे. घरापुढे मांडव. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस, निम्मी लाकडं भिजलेली, आणि मुलाकडचं वऱ्हाड एका ट्रकचं ठरलेलं ते दोन ट्रक आलं. दोन पंगती नीट उठल्या. तिसऱ्या पंगतीला बुंदी संपली, भात अजून चुलीवर. मुलाचे एक चुलते भरल्या पंगतीत पानावरून उठले आणि मोठ्याने म्हणाले, वाढायला जमत नाही तर बोलावता कशाला. नवरी तेव्हा आत साडी बदलत होती. खिडकीतून तिला दिसलं, तिच्या अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या माणसाच्या पायावर ठेवली.

"बाबांना माहितीय?" केतकीने अगदी हळू विचारलं.

"ते मित्रांबरोबर पलीकडं होते. आणि माहीत असलं तर? त्यांचे चुलतेच ते. परत कुणी विषयच काढला नाही."

"आई, तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं गं? अण्णांचं?"

"मला वाटायचं तुला लोकांना दाखवायचंय. मोठं लग्न केलं म्हणून."

"दाखवायचं कशाला. पानावरून कुणी उठू नये, एवढंच."

मी यात एक शब्द बोलले नाही. पोरीने आईच्या हातातली वही घेऊन मिटली आणि मांडीवर ठेवली, आणि दोघी माझ्याकडे न बघता बसल्या. घड्याळात वेळ संपली होती, बाहेर पुढचं जोडपं बसलेलं, तरी मी कुणाला उठवलं नाही.

मला त्या दिवशी जे उमगलं ते असं, की दोघी आकड्यावर भांडतच नव्हत्या. केतकी ‘दीडशे’ म्हणायची तेव्हा आईला तीस वर्षांपूर्वीची रिकामी परात दिसायची. आणि आई ‘साडेचारशे’ म्हणायची तेव्हा केतकीला ऐकू यायचं ‘तुझ्या मताला किंमत नाही’. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीने काम करणारे माझे काही मित्र आहेत, ते ‘झालंच पाहिजे’ मधला ‘च’ बरोबर पकडतात आणि तो सोडायला शिकवतात, उत्तम आहे ते, पण मला आधी हे विचारावंसं वाटतं की हा ‘च’ या घरात आला कुठून, कोणाच्या लग्नातून. एकदा ते कळलं की बऱ्याचदा तो आपोआप सैल होतो, ओढावा लागत नाही.

पुढचं पटापट झालं. जेवणखातं आईकडे, त्यात केतकीने बोलायचं नाही. स्टेज, कपडे, विधी किती आणि कुठले हे केतकी आणि मुलाकडे, त्यात आईने बोलायचं नाही. नावं आईनेच कापली, तीनशेवर आली, वर चाळीस पानं जास्तीची. केतकीला दीडशे मिळाले नाहीत, हे पण सांगायला हवं. पण ती म्हणाली आता तो आकडा मला टोचत नाही.

तुमच्या घरी टोपीची गोष्ट नसेल, दुसरं काहीतरी असेल. पण कुणी एखाद्या गोष्टीवर फारच अडून बसलं तर ‘का हवंय’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘असतं आपल्यात’ एवढंच येतं. ‘तुमच्या लग्नात हे कसं झालं होतं?’ असं विचारा, तेही चहा पिताना, कार्यालयाच्या ऑफिसात पावती फाडताना नाही. आणि पैशाचं बोलणं सगळ्यात आधी करा. आपली जुनी पद्धत याद्यांची, दोन्हीकडची चार माणसं बसून कोणी काय करायचं ते कागदावर लिहायची, ती मला फार शहाणपणाची वाटते, फक्त त्या बैठकीत नवरा-नवरीही बसले पाहिजेत. काही घरांत तर याद्या करायला बसतात आणि तिथेच लग्न लावून मोकळे होतात, ‘यादी पे शादी’, त्यांना माझी गरजच पडत नाही!

कामांचं म्हणाल तर मुहूर्त, कार्यालय आणि जेवण या तीन गोष्टी एकमेकांत अडकलेल्या असतात, त्या आधी धरा, कारण चातुर्मासात लग्नं नसल्यामुळे उरलेल्या तारखांवर सगळेच तुटून पडतात. बाकीचं थांबू शकतं. नोंदणी पद्धतीने करणार असाल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात, हे ऐनवेळी कळून रडलेली जोडपी मी पाहिलीत. आणि दिवसातला एक तास असा ठेवा की दोघांनी लग्नाचा विषय काढायचाच नाही, त्यात गाडीचं सर्व्हिसिंग चालेल.

एक मात्र वेगळं काढून सांगते. ताण आणि भीती यात फरक आहे. समोरचा माणूस ओरडतो, फोन तपासतो, ‘गाडी द्या, फ्लॅटला हातभार लावा’ असं आडून सुचवलं जातंय, तर ते तयारीचं टेन्शन नाही, तिथे श्वासाचे व्यायाम करत बसू नका. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ पासून गुन्हा आहे. पत्रिका छापून झाल्या म्हणून थांबता येत नाही असं काही नसतं, छापलेल्या पत्रिका रद्दीत जाऊ शकतात. अशा दोन मुलींना मी थांबायला बळ दिलंय आणि त्याचा मला केतकीच्या केसइतकाच आनंद आहे.

केतकीचं लग्न फेब्रुवारीत झालं. मी क्लायंटच्या लग्नाला जात नाही, तो माझा नियम आहे, त्यामुळे कसं झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी साडेआठला फोन, केतकीचा नाही, आईंचा. आवाज बसलेला.

"मॅडम, सत्तावीस पानं उरली. मी स्वतः मोजली."