वेखंड: पाणथळ शेतातील लागवड आणि घरगुती वापर

बेळगावजवळच्या येळ्ळूर आणि वडगाव शिवारातील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, बळ्ळारी नाल्याच्या पुरात भात वरचेवर कुजत असल्याने त्या जमिनीत वेखंड लावता येईल का. खानापूर भागातील काही भगिनींनी धान्यात आणि बाळाच्या घुटीत वेखंड वापरण्याविषयी विचारणा केली आहे.

वेखंड, ज्याला आपल्याकडील कन्नड शेजारी ‘बजे’ म्हणतात, हे मुळात दलदलीतच वाढणारे झाड आहे आणि कर्नाटकात तुमकूर जिल्ह्याच्या कोरटगेरे तालुक्यात त्याची शेती होते. तरीही भाताचे सगळे शेत एकदम वेखंडाखाली आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेखंडाला मुळाशी सतत ओल लागते, परंतु पुराच्या पाण्याखाली अनेक दिवस बुडालेले कोवळे कोंब टिकत नाहीत. म्हणून नाल्याच्या ऐन काठाऐवजी, जिथे पाणी साचते पण पात बुडत नाही, अशा एक-दोन गुंठ्यांत पहिले वर्ष काढावे आणि लागवडीआधीच आयुर्वेदिक औषधांसाठी माल घेणाऱ्या व्यापाऱ्याशी भावाचे बोलून ठेवावे.

रोपवाटिकेतून कंद घेताना पात चुरगाळून पाहावी. खऱ्या वेखंडाला लगेच उग्र, गोडसर वास येतो आणि पानाची एक कड बारीक चुण्या पडल्यासारखी दिसते. भातासारखीच चिखलणी करून, कोंब असलेले कंदाचे तुकडे जून-जुलैमध्ये सुमारे 4 सेंटिमीटर खोल आणि 30 सेंटिमीटर अंतरावर लावावेत. एका गुंठ्याला साधारण 1,100 तुकडे लागतात. सुरुवातीला 5 सेंटिमीटर पाणी ठेवून पुढे ते 10 सेंटिमीटरपर्यंत वाढवावे. पाने पिवळी पडून सुकू लागली की पाणी तोडून, जमीन थोडी ओलसर असतानाच कंद खणावेत. ते धुऊन बोटभर लांबीचे तुकडे करावेत, तंतुमुळे काढावीत आणि सावलीतच वाळवावेत, कारण कडक उन्हात सुगंधी तेल उडून जाते आणि मालाची किंमत त्या तेलावरच ठरते.

तांदळाच्या किंवा डाळीच्या डब्यात वेखंड ठेवण्याची आपल्या आज्यांची रीत उपयोगाची आहे. त्यातील बीटा-असॅरोन हे द्रव्य किडींना दूर ठेवते आणि त्यांच्या प्रजननात अडथळा आणते. मात्र भुकटी धान्यात मिसळू नये. अखंड तुकडे सुती पुरचुंडीत बांधून ठेवावेत आणि शिजवण्यापूर्वी धान्य नीट धुवावे.

घुटीबाबत मात्र मी आग्रहाने सांगतो. आईच्या दुधात वेखंड उगाळून चाटवण्याची प्रथा घरोघरी असली, तरी बीटा-असॅरोनमुळे प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये गाठी आढळल्या आणि 1968 मध्ये अमेरिकेने वेखंडाचा खाद्यपदार्थांतील वापर बंद केला. सहाणेवर किती वळसे उगाळले म्हणजे तान्ह्या जिवाला सोसेल, याचे माप कोणाच्याही हाती नसते. त्यामुळे वैद्यांनी स्वतः बाळाला तपासून मात्रा ठरवून दिल्याशिवाय ते पोटात देऊ नये, आणि गरोदर स्त्रियांनी ते मुळीच घेऊ नये. न्हाऊ घातल्यावर अंगाला भुकटी लावायची असल्यास ती बाळाच्या नाकातोंडाजवळ उडू देऊ नये. एखाद्या बाळाला वेखंड चाटवल्यानंतर वांत्या होऊ लागल्या किंवा सुस्ती आली, तर त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि उगाळलेला कंदही सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवावा.